बारा शे

धुळ्याला नव्यानेच बदलून आलेल्या माणसाला पाचकंदिलात भाजी आणायला एकट्याने पाठवू नये. तो मेथीची जुडी उचलतो आणि विचारतो, "कशी दिली?" समोरची बाई म्हणते, "बारा शे." माणूस पुण्याचा असला तर तो आधी जुडीकडे बघतो, मग बाईकडे, आणि मग जुडीत चुकून सोन्याची पोत वगैरे गुंडाळली गेलीय का तेही बघतो. पण पुणेकर भावाला घाबरून पळत नाही. सांगितल्याच्या निम्म्याने मागायचं हे त्याला घरूनच शिकवलेलं असतं. तो म्हणतो, "सहाशे?" बाईच्या कानावर पडतं, "सहा शे?" ती म्हणते, "सहाले नही परवडस, भाऊ. दहा शे, शेवटनं." इथवर दोघांचंही बोलणं बिनचूक, व्याकरणशुद्ध आणि सौजन्याचं झालेलं आहे. फरक फक्त शंभर पटीचा.

खान्देशातल्या अहिराणी बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'. मी शे, तू शे, तो शे, ती शे. मराठीने आहे, आहेस, आहोत, आहात, आहेत असा पाच खोल्यांचा संसार मांडला. अहिराणी एकवचनात एका 'शे'वर भागवते आणि फारच माणसं जमली तर 'शेतस' म्हणते. आता हा 'शेतस' आणि आपलं शेत यांचा काही संबंध नाही, पण बोलणाऱ्याने ठरवलं तर तो जोडता येतो. 'शेतमा शेंगा शेतस' हे वाक्य बाहेरच्या माणसाला जीभ सैल करायचा व्यायाम वाटतो. खान्देशात ती साधी बातमी आहे: शेतात शेंगा आहेत. हीच गत खानावळीत. "शेवभाजी शे का?" "शे ना!" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, गिऱ्हाईक आणि मालक एकमेकांना गप्प बसायला सांगतायत.

मराठीतला 'पाचशे'मधला 'शे' हा संस्कृत 'शत'चा नातू. तो आकड्याला चिकटूनच राहतो आणि थोडा गुर्मीत असतो. स्वतःचा नेमका हिशेब न देता 'शेपन्नास', 'शेदीडशे' असं मोघम बोलायची सवयही त्यालाच. अहिराणीचा 'शे' दुसऱ्या घराण्यातला. प्राकृतात 'असणे' या अर्थाचं 'अच्छइ' होतं. त्याची पोरंबाळं पश्चिमेत, उत्तरेत आणि पूर्वेत सगळीकडे पसरली: गुजरातीत 'छे', बंगालीत 'आछे', नेपाळीत 'छ', राजस्थानात काही ठिकाणी 'छै'. तापीच्या खोऱ्यात पोचेपर्यंत 'छ'ची धार बोथट झाली आणि उरला 'शे'. म्हणजे मेथीच्या जुडीवर जे दोन 'शे' समोरासमोर आले होते, त्यांची सात पिढ्यांत ओळख नाही. आडनाव एक म्हणून भाऊबंद होत नाहीत, हे खान्देशात लग्न जुळवणाऱ्या कोणालाही विचारा.

हा 'शे' सगळ्या खान्देशावर राज्य करतो असंही नाही. धुळं, शिंदखेडा, साक्री, इकडे अमळनेर, पारोळा, चाळीसगाव हा त्याचा बालेकिल्ला. जळगावच्या पूर्वेला भुसावळ, यावल, रावेरकडे गेलं की लेवा गणबोली सुरू होते. बहिणाबाई चौधरींची बोली ती हीच. तिथे 'शे'चं काही चालत नाही. जळगाव शहर साधारण मध्यावर पडतं, त्यामुळे तिथला माणूस समोरच्याचं गाव ओळखून क्रियापद बदलतो. सराफ बाजारात बसलेला मुरलेला दुकानदार गिऱ्हाइकाच्या पहिल्या वाक्याची वाट बघतो. 'शे' आलं की अमळनेर, 'हाये' आलं की भुसावळ, आणि 'आहे' आलं की सोन्याचा भाव विचारून फक्त चहा पिऊन जाणार.

त्यातही जिभेजिभेचा फरक आहे. काहीजण 'शे' म्हणतात, काहीजण 'से'. हा 'से' मात्र रेल्वेच्या मार्गावर फार धोक्याचा. रात्री उत्तरेकडची गाडी जळगावला थांबते. खिडकीतून कोणीतरी झोपेतून जागा होऊन विचारतो, "भैया, कौन सा स्टेशन?" फलाटावरचा सज्जन माणूस सांगतो, "जळगाव से."

"जलगाँव से कितना आगे?"

"आगे नही, जळगावच से."

"अरे, जलगाँव से तो समझा, पर आए कहाँ?"

एवढ्यात गाडी हलते. माणूस भुसावळला उतरून परत येतो आणि पुढे आयुष्यभर सांगत राहतो की खान्देशातले लोक प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाहीत. सज्जन माणूस घरी जाऊन सांगतो की उत्तरेकडच्या लोकांना एकदा सांगून समजत नाही. दोघंही आपापल्या व्याकरणाप्रमाणे बरोबर आहेत, आणि भांडणं बहुतेक अशाच लोकांची होतात.

आता भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसा. नंदुरबार मागे पडलं की नवापूर येतं. नंदुरबार १९९८च्या १ जुलैपर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणून नवापूरही आपलंच. या स्टेशनाचं काय करावं हे राज्यपुनर्रचनेच्या वेळी कोणाला सुचलं नसावं. सरहद्द फलाटाच्या मधूनच गेली. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. एक बाकही असा आहे की ज्याच्या एका अंगावर महाराष्ट्र लिहिलंय आणि दुसऱ्यावर गुजरात. लोक तिथे मांडी दोन राज्यांत पसरून फोटो काढतात. स्टेशनावर घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात.

या बाकावर बसून 'शे'चा अभ्यास जितका नीट होतो तितका कुठल्याही विद्यापीठात होणार नाही. शेजारचे सुरती काका म्हणतात, "गाडी मोडी छे." गुजरातीत 'मोडी' म्हणजे उशिरा. काकांना म्हणायचंय की गाडीला उशीर आहे. पण बाकाच्या महाराष्ट्राच्या अंगावर बसलेल्या मराठी बाईंना 'मोडी' ऐकून गाडी मोडल्याची शंका येते, आणि लगेच पुढचा 'छे' ऐकून दिलासाही मिळतो. कारण मराठीत 'छे' म्हणजे साफ नाही. "छे, छे, काही मोडलेलं नाही!" असं त्या स्वतःशी लावून घेतात आणि पिशवीतला चिवडा काढतात. मधे बसलेला साक्रीचा माणूस दोघांनाही समजावतो, "गाडी शे, पन येल नही शे." म्हणजे गाडी अस्तित्वात आहे, पण आलेली नाही. एका बाकावर 'छे' म्हणजे आहे, 'छे' म्हणजे नाही, आणि 'शे' म्हणजे आहे पण नाही. लाउडस्पीकरवर त्याच वेळी चार भाषांत 'कृपया ध्यान द्या' चालू असतं. अहिराणी त्या चारांत नाही. ती बाकावर बसलेली असते.

मराठी सासर आणि सुरती माहेर अशा घरांत या 'छे'ने काय उत्पात केले असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. नवी सून विचारते, "स्वयंपाकात काही मदत करू?" आत्याबाई म्हणतात, "छे!" आणि सून पुढचे दोन तास वाट बघत बसते की मदत करायची आहे म्हणतात, पण काय ते सांगत का नाहीत.

'शे'चा हा गोंधळ सरकारदरबारीही पोचला. इंग्रजांनी १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे दोन तुकडे केले. पूर्व खान्देशाचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं. जमीन वाटून झाली, आणि पुढच्याच वर्षी भाषेची पाळी आली. जॉर्ज ग्रियर्सन हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी करत होते. त्या पाहणीचा १९०७चा खंड निघाला तो भिल्ली भाषांचा, आणि त्यात खान्देशी बसवलेली. मराठीचा खंड वेगळाच. 'शे', 'माले', 'तुले', 'रामना', 'घरमा' असली रूपं बघून पाहणी करणाऱ्यांना अहिराणी गुजराती-भिल्लीच्या पंगतीतली वाटली. त्यावर मराठी पंडितांनी नंतर पुष्कळ वाद घातला. ती मराठीची बोली, की गुजरातीची, की स्वतंत्र? अहिराणी बोलणारा मात्र वादाच्या वेळी शेतात होता. त्याच्या शेतमा शेंगा होत्या.

गंमत म्हणजे हे ग्रियर्सन मूळचे आयर्लंडचे, डब्लिनकडचे. आयरिश भाषेतही 'शे' आहे. तिथे 'शे' म्हणजे तो. आणि तिथलाच दुसरा 'शे' म्हणजे सहा. आयरिश माणूस पाचकंदिलात आला आणि त्याला कोणी 'पाच शे' म्हटलं, तर पहिला शब्द त्याला कळणार नाही, पण दुसऱ्यावर तो खूश होऊन सहा जुड्या पिशवीत भरील. यातला 'सहा'वाला 'शे' मात्र खरोखर आपल्या नात्यातला आहे. संस्कृत 'षष्', मराठी 'सहा' आणि आयरिश 'शे' हे एकाच मूळ पुरुषाचे वंशज; हजारो वर्षांपूर्वी घरातून भांडून निघालेले असावेत. आयरिशमध्ये 'तो'साठी 'शे' तसं 'ती'साठी 'शी'. हे आपल्याकडे चालणार नाही. "ही माझी बायको, शी" असं कोणी म्हणून दाखवावं.

फ्रान्समध्ये 'शे' म्हणजे अमक्याच्या घरी, अमक्याकडे. लॅटिनमधल्या घरवाचक शब्दातून तो आला. पॅरिसच्या कितीतरी खानावळींच्या पाट्यांवर आधी 'शे' आणि पुढे मालकाचं नाव असतं. आता खान्देशात विचारलं, "खानावळीत कोण आहे?" तर उत्तर येतं, "नाना शे." फ्रान्समध्ये पाटी असती 'शे नाना'. शब्दांची जागा उलटी, नाना तेच, शेवभाजीही तीच आणि तिच्यावरचा तर्रीचा थरही तोच. फक्त बिलाच्या शेवटी जो 'शे' येईल तो मराठीतला असेल.

हंगेरीत गोष्ट बिघडते. तिथे 'शे' म्हणजे 'सुद्धा नाही'. कोणी म्हटलं, मला भूक नाही, तर दुसरा म्हणतो, 'एन शे', म्हणजे मलाही नाही. आपला धुळेकर त्याच सुरात म्हणतो, 'मी शे', म्हणजे मी आहे, पान वाढा. देकार्त नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ म्हणून गेला की मी विचार करतो म्हणून मी आहे. त्याचं अहिराणी भाषांतर अगदी सुटसुटीत होतं: मी इचार करस, म्हनीसन मी शे. हे बुडापेस्टला मोठ्याने म्हणू नये. तिथे ऐकणाऱ्याला वाटेल, एवढा विचार करून शेवटी माणसाने नकारच दिला.

हिब्रूतला 'शे' सर्वांत अवघड. तिथे तो 'जो', 'की' अशा अर्थाने पुढच्या शब्दाला जोडून येतो. म्हणजे अहिराणीत 'शे' आला की वाक्य संपलं, आता तुम्ही बोला. हिब्रूत 'शे' आला की खरी हकीकत आत्ता कुठे सुरू होतेय. खान्देशी माणूस आणि जेरुसलेमचा माणूस गप्पा मारायला बसले तर एकजण सारखा मधे तोंड घालील आणि दुसरा सारखा रागावेल. इस्रायलला जाऊन राहिलेल्या बेने इस्रायली मराठी कुटुंबांना ही अडचण कशी जाते कोण जाणे. ते तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवत आले आहेत. शिवाय त्यांच्या वाट्याला आणखी एक वळण आलं: तिथलं चलन शेकेल. 'पाचशे शेकेल' हे शब्द त्यांना एका दमात म्हणावे लागतात, आणि ते त्यांना जमतं हे मराठी शाळांचं श्रेय मानायला हवं.

शब्दांची नाती लावायची तर त्यासाठी धुळ्यासारखं गाव नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे शेवटी धुळ्यालाच होते. १९२६च्या ३१ डिसेंबरला ते तिथेच गेले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी मोडी लिपीतल्या कागदांच्या गाठोड्यांइतकाच जीव शब्दांच्या व्युत्पत्त्यांवर टाकला. त्यांच्या हाताला लागलेला शब्द संस्कृत धातूपर्यंत पोचवल्याशिवाय सुटत नसे. सुरतेच्या काकांची 'गाडी मोडी छे' त्यांच्या कानावर गेली असती तर त्यांनी त्या गाडीतले कागद आधी उतरवून घेतले असते. हंगेरीचा 'शे' आणि धुळ्याचा 'शे' यांचा काही संबंध नाही असं त्यांना सांगायची कोणाची छाती झाली असती, असं मला वाटत नाही. सांगणारा संध्याकाळपर्यंत स्वतः हंगेरियन आहे हे कबूल करून बाहेर पडला असता.

जनगणनेत खान्देशी हा वेगळा रकाना असतो. २०११ साली त्यात साडेअठरा लाखांवर माणसं भरली. खरी संख्या याहून कितीतरी मोठी असणार असं मला वाटतं, कारण गणनेचा माणूस दारात आला की खान्देशी माणूस इस्तरीचे कपडे घातल्यासारखी मराठी बोलू लागतो. "मातृभाषा?" "मराठी आहे." गणक वळला की आत आवाज: "कोन व्हता रे?" "सरकारी मानूस व्हता." शाळेतही तेच. गुरुजी 'आहे' म्हणायला लावतात, आणि मधल्या सुट्टीत गुरुजीच विचारतात, "डबामा काय शे?"

एवढ्या सगळ्या 'शें'त मला सर्वांत आवडतो तो बंगाली. लिहितात 'से', म्हणतात 'शे', आणि अर्थ तो किंवा ती. बंगालीला लिंगाची पर्वा नाही, त्यामुळे आयर्लंडसारखी नवराबायकोची भानगड नाही. जळगावच्या सोन्याच्या बाजारात बंगाली कारागीर पुष्कळ. कल्पना करा, माडीवर एक कारागीर मान खाली घालून टाके लावतोय. पारोळ्याची एक बाई पायऱ्या चढून येते. तिची पोत ज्याच्याकडे दिली होती तो दिसत नाही. ती विचारते, "तो कोठे शे?" कारागिराला अहिराणी येत नाही. पण तो शेजारच्याला विचारतो, "शे कोथाय?" बंगालीत म्हणजे: तो कुठाय? बाईला बंगाली येत नाही. तिला एवढंच कळतं की माणसाने तिचाच प्रश्न जरा उलटा करून पुढे पोचवला. दुभाषा नाही, कोश नाही, 'शे' एकाचं क्रियापद आणि दुसऱ्याचं सर्वनाम, आणि तरी दोघंही एकाच माणसाला शोधतायत. तो खाली चहाला गेलेला असतो. मला तर वाटतं, भाषाशास्त्रज्ञांनी परिषदा भरवायच्या सोडून या माडीवर एक सतरंजी टाकावी.

राहिला 'चे'. तो 'शे' नव्हे, पण शेजारीच राहतो. आपल्याकडे 'धुळ्याचे', 'जळगावचे' यातला 'चे' मालकी दाखवतो. अर्जेंटिनात 'चे' ही हाक मारायची लकब. आपल्याकडे जळगावात "काय भो" म्हणतात, तसं तिथे 'चे'. अर्नेस्टो ग्वेव्हारा नावाचा डॉक्टर उठता बसता 'चे' म्हणायचा, म्हणून क्युबातल्या सोबत्यांनी त्याचं नावच 'चे' पाडलं. तो १९५९ साली दिल्लीला येऊन नेहरूंना भेटूनही गेला. तेव्हा वाटेत भुसावळला आठवडाभर राहिला असता, तर जगभरातल्या पोरांच्या छातीवर आज 'भो ग्वेव्हारा' छापलेला दिसला असता.

छापलेला तो आहेच. अमळनेरकडच्या एखाद्या घरात कॉलेजात जाणारा नातू सुट्टीत येतो. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर दाढीवाला, टोपीवर तारा. ओट्यावर बसलेले आबा डोळे बारीक करतात.

"हाऊ कोन शे रे?"

"चे शे, आबा."

"छे काय? कोन शे ते सांग."

"चे. त्यानं नावच चे शे."

"बरं. आडनाव काय शे?"

"ग्वेव्हारा."

आबा विचारात पडतात. जुन्या लग्नपत्रिका, मयती, शेताचे वाद असं सगळं डोक्यात एकदा चाळून होतं.

"गवारे? त्या ते पारोळाकडना शेतस. मंग हाऊ ते आपला सोयराच निंघना!"